एकतर्फी मुलाखतीची तयारी : सिडको अभ्यासिकेतील प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

नाशिकच्या सिडको भागातील आमच्या अभ्यासिकेत नियमित येणाऱ्या दोघा उमेदवारांना नोकरीसाठी रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत द्यावी लागेल, असे दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी कळवले आहे. या प्रकारात मुलाखत घेणारे कोणी समोर नसते. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचारासाठी साधारणतः तीस सेकंद ते एक मिनिट मिळते, त्यानंतर कॅमेरा आपोआप सुरू होतो आणि एक ते तीन मिनिटांच्या ठरलेल्या मुदतीत उत्तर पुरे करावे लागते. मुदत संपली की वाक्य अर्ध्यावर असले तरी चित्रण थांबते. कंपनीतील माणसे ही उत्तरे पुढे आपल्या सवडीने पाहतात. दोघांनाही लिंक पुढच्या आठवड्यात मिळणार आहे आणि ती काही दिवसांतच बंद होणार आहे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभागात असताना मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बऱ्याच मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून व्यवस्थापन समितीने ही तयारी माझ्याकडे सोपवली. सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवण्याची मागची खोली त्यासाठी रिकामी करून मिळाली आहे. पुढच्या उमेदवारांच्या वेळी सारे पहिल्यापासून सुरू करावे लागू नये, यासाठी या नोंदी ठेवत आहे.

पहिला उमेदवार यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून अंबडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासणीचे काम करतो. त्याने चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागासाठी अर्ज केला आहे. दुसरी उमेदवार दिंडोरी तालुक्यातील असून अन्नतंत्रज्ञानाची पदवीधर आहे. द्राक्षांच्या हंगामात ती एका पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रे सांभाळते आणि आता तिला बारमाही नोकरी हवी आहे. दोघांच्याही मुलाखती इंग्रजीत आहेत.

१५ जुलै, मंगळवार

आज दोन्ही ईमेल एकत्र बसून वाचले. प्रथम ते खरे आहेत का हे पाहिले, कारण मुलाखतीच्या नावाखाली पैसे उकळण्याचे प्रकार होतात आणि समोर माणूसच नसलेली मुलाखत तशा प्रकाराला फार सोयीची ठरते. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाशी जुळतो का, मुलाखतीसाठी शुल्क किंवा बँकेचा तपशील मागितला आहे का, मोबाइलवर एखादे अनोळखी ॲप उतरवायला सांगितले आहे का, एवढे तपासले. दोन्ही पत्रे बिनशंक निघाली. असे पैसे कोणी काढून घेतलेच तर तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, तो फलकावर लिहून ठेवला.

त्यानंतर दोघांनाही मनुष्यबळ विभागाला थोडक्यात पत्र लिहायला लावले : सरावाचा प्रश्न मिळतो का, उत्तर पुन्हा चित्रित करता येते का, सोबत कागद ठेवलेला चालतो का. उमेदवार असे विचारायला संकोचतात, परंतु माझ्या अनुभवात अशा पत्रामुळे कोणाचे नुकसान झालेले नाही. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून उत्तरे आली. मुलाच्या कंपनीत पुनर्चित्रणाची सोय नाही. मुलीला प्रत्येक उत्तर एकदा पुन्हा देता येईल, परंतु तसे केल्यास पहिले चित्रण पुसले जाईल. मुद्द्यांचा कागद दोघांनाही चालणार आहे.

मुलाने विचारले, "सर, त्यांना भेटायचंच नाही तर ते मुलाखत घेतात कशाला?" प्रश्न योग्य होता. कंपनीचा वेळ आणि प्रवासखर्च वाचतो हे उघड कारण आहेच, परंतु त्यामागे एक जुना आणि अधिक सबळ विचारही आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींविषयीचे अनेक दशकांचे संशोधन एकत्र करून मांडले, तेव्हा सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी असलेला संबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.५१, तर सुचेल तसे विचारलेल्या मुलाखतीचा ०.३८ असा अंदाज त्यांनी दिला होता. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही आकडेमोड नव्याने तपासली आणि पहिला आकडा ०.४२ पर्यंत खाली आणला, तरीही त्यांच्या यादीत तीच पद्धत सर्वांत वर राहिली. गाव कोणते, कोणाच्या ओळखीने आलात, अशा गप्पांत अर्धी मुलाखत घालवणारे अधिकारी मी जवळून पाहिलेले असल्याने, सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळण्यात न्याय आहे असे माझे मत आहे. या सोयीत काय गमावले जाते, ते सरावाच्या वेळी पाहता येईल.

१७ जुलै, गुरुवार

दिवस खोली लावण्यात गेला. लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला तर कॅमेरा हनुवटीच्या खालून वर पाहतो आणि डोक्यामागे छताचा पंखा दिसतो. स्पर्धा परीक्षांच्या जुन्या मार्गदर्शकांचा गठ्ठा खाली देऊन कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणला. खिडकी पूर्वेला आहे. उमेदवाराची पाठ खिडकीकडे असेल तर कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो, म्हणून टेबल फिरवून तोंड खिडकीकडे केले. सध्याच्या ढगाळ हवेत हा उजेड मऊ आणि एकसारखा मिळतो. ऐन उन्हाळ्यात मात्र पडदा लागेल.

खोलीतील ट्यूबलाइट जुन्या चोकची आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद आणि तेजस्वी होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, परंतु कॅमेऱ्याची जुळणी ६० हर्ट्झवर असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. ती ५० वर आणल्यावर पट्टे गेले. तरीही प्रत्यक्ष मुलाखत सकाळच्या उजेडात घ्यावी आणि दिवा लावूच नये असे ठरवले.

आवाजाने अधिक वेळ घेतला. फरशी, कोऱ्या भिंती आणि रिकामी खोली यांमुळे टाळी वाजवली की ती घुमून परत येत होती. समोरच्या भिंतीवर दोन सतरंज्या टांगल्या, खाली गोधडी अंथरली आणि कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या, तेव्हा घुमणे लक्षणीय कमी झाले. मुलाने आपले ब्लूटूथ इअरफोन आणले होते, परंतु अशा इअरफोनचा माइक चालू झाला की साधारणतः जोडणी फोनवरील संभाषणाच्या दर्जावर उतरते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा वायरचा साधा, स्वस्त इअरफोन स्वच्छ ऐकू आला. पंखा चित्रणाच्या वेळी बंद ठेवावा लागेल. त्याआधी तो जोरात चालवून खोली थंड करून घेता येईल.

१८ जुलै, शुक्रवार

दोघांचा पहिला सराव झाला. मी बाहेर थांबलो, प्रश्न पडद्यावर आपोआप पुढे सरकत होते आणि चित्रण आम्ही तिघांनी नंतर एकत्र पाहिले.

दोघेही समोरासमोर बोलताना व्यवस्थित बोलतात. कॅमेऱ्यासमोर मात्र मुलाने "कामातील एक अडचण आणि ती तुम्ही कशी सोडवली" या प्रश्नावर नव्वदपैकी निम्म्याहून अधिक सेकंद आपला कारखाना कोठे आहे, तेथे कोणते भाग बनतात आणि त्यांचे ग्राहक कोण आहेत हे सांगण्यात खर्च केले. "मग आम्ही रिजेक्शन कमी केलं" एवढे वाक्य शेवटी घाईने आले आणि चित्रण थांबले. मुलीचे उलट झाले. तिने मुद्दा पंचवीस सेकंदांत सांगून टाकला आणि उरलेला वेळ ती पडद्याकडे पाहत, तेच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे म्हणत राहिली.

धिटाईचे धडे देऊन यात सुधारणा होणार नाही, असे चित्रण दुसऱ्यांदा पाहताना स्पष्ट झाले. टेबलासमोर बसलेला अधिकारी ऐकता ऐकता बरेच काम करत असतो. उमेदवार कारखान्याच्या इतिहासात शिरला की तो "ते असू द्या, अडचण काय होती ते सांगा" असे म्हणतो, उत्तर तुटपुंजे असेल तर "म्हणजे नेमकं काय केलंत?" असे विचारून त्याला पुढे नेतो. चांगल्या मुलाखतीतील निम्मे उत्तर अशा उपप्रश्नांनी घडलेले असते आणि उमेदवार घरी जाताना ते सगळे आपलेच होते असे समजतो. रेकॉर्डेड मुलाखतीत प्रश्न सर्वांना समान मिळतात, परंतु उपप्रश्न कोणालाच मिळत नाहीत. म्हणून उमेदवाराने आपल्या उत्तराला स्वतःच उपप्रश्न विचारून त्यांची उत्तरे मुदतीच्या आत बसवणे, हाच तयारीचा गाभा धरायचा असे मी ठरवले. कॅमेरा, प्रकाश आणि कपडे यांवर आता फार वेळ घालवणार नाही.

२० जुलै, रविवार

सकाळचा सगळा वेळ मुलाच्या एकाच उत्तरावर दिला. कॅमेरा बंद ठेवला. त्याने मराठीत बोलायचे आणि मी प्रत्येक वाक्याला उपप्रश्न विचारायचा, अशी रीत ठेवली. "रिजेक्शन कमी केलं" म्हणजे कोणत्या भागाचे? "आम्ही" म्हणजे कोण? कारण तेच होते हे कशावरून ठरवलेस? उपाय केल्यावर ते पुन्हा वाढले का? त्यातले तुझे काम कोणते आणि इतरांचे कोणते?

या प्रश्नांतून जे बाहेर आले ते पहिल्या उत्तरात कोठेही नव्हते. लेथवर तयार होणाऱ्या एका बुशला आडवे छिद्र पाडले जाते आणि त्या छिद्राच्या तोंडाशी आतल्या बाजूला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहते. तपासताना गो गेज, म्हणजे माप योग्य असेल तर आत जायलाच हवा असा तपासणीचा दांडा, त्या बरला अडकत असे. ऑपरेटरला वाटे की बोअर, म्हणजे बुशचे आतले मुख्य छिद्र, लहान आला आहे, म्हणून तो टूलचा ऑफसेट (यंत्रातील मापाची जुळणी) बदलून बोअर वाढवी. मग बर काढल्यानंतर त्याच नगांत, आत जाऊच नये असा नो-गो गेजही आत जाई आणि माल बाद होई. या मुलाने अडकलेले नग बाजूला ठेवले, बर काढला, बोअर गेजने मोजले आणि मूळ बोअर मापातच होता हे पर्यवेक्षकाला दाखवले. त्यानंतर बर काढण्याचे काम गेज लावण्याच्या आधी घेण्यात आले आणि बोअर गेजने मोजल्याशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही, अशी सूचना मशिनवर लागली.

हे ऐकून मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. मापात असलेल्या भागाला तपासणीच्याच चुकीच्या क्रमामुळे बिघडवले जात होते हे शोधून काढणारा मुलगा कॅमेऱ्यासमोर ग्राहकांची नावे मोजत बसला होता. ती नावे तर सांगायचीही नाहीत. सध्याच्या मालकाचे ग्राहक, भागांचे क्रमांक आणि बाद मालाचे नेमके आकडे बाहेर सांगणे योग्य नाही, आणि ऐकणारा जाणकार असेल तर हा माणूस उद्या आमचीही माहिती बाहेर सांगेल असे त्याच्या मनात येईल. परिणाम सांगताना "त्या कारणाने बाद होणारे नग पुढच्या महिन्यात निम्म्याहून कमी झाले" एवढे पुरते. परंतु ते खरे आहे का, हे त्याने उद्या नोंदवहीत पाहून यायचे आहे.

प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशा चार भागांत उत्तर मांडावे असे सगळीकडे शिकवले जाते. ते चुकीचे नाही, परंतु चारही भागांना सारखा वेळ दिला तर उत्तर कंटाळवाणे होते. नव्वद सेकंदांपैकी प्रसंग आणि जबाबदारी मिळून वीस, परिणामाला पंधरा आणि उरलेले सगळे कृतीला द्यावेत. कृतीतही "कशावरून ठरवले" या भागाला सर्वांत अधिक, कारण गुणवत्ता विभागाचा अधिकारी प्रत्यक्ष भेटीत तेथेच थांबवून विचारील.

२१ जुलै, सोमवार

मुलाने नोंदवही पाहिली. "निम्म्याहून कमी" हे विधान टिकते.

आज मुलीचा दिवस होता. तिने उत्तरे इंग्रजीत लिहून पाठ करून आणली होती. एक उत्तर साडेतीनशे शब्दांचे होते आणि मुदत नव्वद सेकंदांची. सावकाश, समजेल अशा वेगाने इंग्रजी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण एकशेतीस शब्द बोलतो, म्हणजे नव्वद सेकंदांत दोनशेच्या आतच राहावे लागते. शिवाय पाठ केलेले ओळखू येते : एक शब्द निसटला की ती मागच्या वाक्याच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा तेथून धावत येत होती.

लिहिलेले कागद बाजूला ठेवायला सांगून, दोन तातडीची कामे एकाच वेळी आल्याचा प्रसंग तिला मराठीत विचारला. तिने गेल्या हंगामातली गोष्ट सांगितली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नोंद अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ग्रेपनेट प्रणालीत प्लॉटनिहाय असते, म्हणजे पेटीवरील लेबलपासून मागे जाऊन ती कोणत्या बागेतून आली हे शोधता येते. कंटेनर भरण्याची वेळ झालेली असताना एका पॅलेटवरील (पेट्या रचलेल्या फळ्यावरील) लेबलचा प्लॉट क्रमांक आणि कागदपत्रांतील क्रमांक जुळत नाहीत हे तिच्या लक्षात आले. एकीकडे बंदराची वेळ गाठायची होती, दुसरीकडे माल शीतगृहाबाहेर ठेवून पडताळणी करत बसता येत नव्हते.

"मग मी ते पॅलेट थांबवलं," असे म्हणून ती थांबली. मी विचारले, "थांबवायचा अधिकार तुला होता का?" ती म्हणाली, "नव्हता, सर. म्हणून तर मी मॅनेजरना फोन केला आणि सांगितलं की बाकीचं भरायला घ्या, हे एक पॅलेट आत थंडीतच राहू द्या, तोवर मी मूळ पावती काढते." नवख्या माणसाने आपला अधिकार कोठे संपतो हे ओळखावे, वरिष्ठांपुढे अडचणीबरोबर तोडगाही ठेवावा आणि माल थंडीतच राहील याची काळजी घ्यावी, या तिन्ही गोष्टी त्या एका उत्तरात होत्या. तिने त्या सांगितल्या नव्हत्या, कारण तिच्या मते त्या उघडच होत्या.

इंग्रजीसाठी पुढची रीत ठरवली. मराठीत सांगितलेल्या गोष्टीतून पाच-सहा शब्दच मोठ्या अक्षरांत कागदावर घ्यायचे : लेबल, प्लॉट नंबर, कंटेनर, फोन, एक पॅलेट, पावती. कागद कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवायचा आणि प्रत्येक शब्दावर एक किंवा दोन लहान वाक्ये तेथल्या तेथे करायची. मोठी वाक्ये तिला मराठीत सहज जमतात. इंग्रजीत ती क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत कर्ता हरवतो. लहान वाक्यांत व्याकरण चुकले तरी अर्थ पोचतो आणि डोळे ओळीवरून सरकताना दिसत नाहीत.

२२ जुलै, मंगळवार

मुलाची लिंक आली. ती रविवारी मध्यरात्रीपर्यंत चालेल. गणेशोत्सव महिन्यावर आला असल्याने शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव रोज संध्याकाळी चालतो आणि नाशिक ढोलापुढे सतरंज्यांचा काही उपयोग नाही. मागच्या पडवीचा पत्रा पावसात वाजतो, त्यावर पोत्यांचा थर टाकून घेतला. सकाळी साडेसात ते नऊ हीच वेळ योग्य ठरते.

२३ जुलै, बुधवार

मुलीची लिंकही आज आली, मुदत शनिवारी रात्रीपर्यंत. त्याबरोबर एक नवी काळजीही आली. तिच्या मैत्रिणीने सांगितले आहे की संगणक चेहऱ्यावरचे भाव मोजतो आणि हसू कमी पडले तर गुण कापतो. याविषयी जे निश्चित सांगता येते ते दोघांना सविस्तर सांगितले.

या क्षेत्रातील जुनी आणि मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतील युटा राज्यात २००४ मध्ये सुरू झालेली हायरव्ह्यू. तिच्या प्रणालीत काही काळ उमेदवाराच्या चेहऱ्याच्या हालचालींचेही विश्लेषण होत असे. त्याविरुद्ध खासगीपणाच्या हक्कासाठी काम करणाऱ्या एपिक या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाकडे तक्रार केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे जाहीर केले. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून असा कायदा आहे की चित्रित मुलाखतीला कृत्रिम बुद्धिमत्ता लावायची असेल तर उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घ्यावी आणि त्याने मागणी केल्यास चित्रण तीस दिवसांत नष्ट करावे. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ताडणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, बंदी आहे. आपल्याकडे खास या विषयाचा कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला, परंतु ही नोंद लिहिताना, जुलै २०२५ मध्ये, ते लागू झालेले नव्हते.

भाव मोजले जातील या भीतीने ओढूनताणून हसत राहणे निरर्थक आहे, असे मी दोघांना सांगितले. बोललेल्या शब्दांचा मजकूर तयार करून तो तपासणाऱ्या प्रणाली मात्र वापरात आहेत, आणि तेथे उच्चार व वेग यांचा थेट परिणाम होतो. तो पाहण्यासाठी मुलाचे सरावाचे उत्तर मोबाइलवरील श्रुतलेखनाला ऐकवले. "बोअर गेज" ऐवजी भलतेच काहीतरी उमटले आणि आद्याक्षरांच्या संज्ञांची दैना झाली. पारिभाषिक शब्दाच्या आधी किंचित थांबून तो सुटा उच्चारला आणि संक्षेप पहिल्यांदा पूर्ण सांगितला, तेव्हा मजकूर बराच सुधारला. मजकूर वाचणारे यंत्र नसले तरी ऐकणाऱ्या माणसालाही त्याचा लाभ होईल.

मुलीने आपले चित्रण किती काळ ठेवले जाईल हे मनुष्यबळ विभागाला विचारले आहे.

२४ जुलै, गुरुवार

पूर्ण रंगीत तालीम केली, म्हणजे कपडे, वेळ, जागा आणि प्रश्नांची संख्या सगळे प्रत्यक्षाप्रमाणे. आपलाच चेहरा पाहत बोलण्याची सवय दोघांचीही जात नव्हती, म्हणून पडद्यावरील त्या चौकटीवर कागदाची पट्टी लावली. मुलीला समोर कोणी नसताना हातवारे जमत नव्हते, तेव्हा सरावापुरता मी लॅपटॉपच्या मागे बसलो. प्रत्यक्ष मुलाखतीच्या वेळी खोलीत दुसरे कोणीही नसेल आणि पडद्यावर उत्तर सुचवणारे कोणतेही साधन चालू नसेल, हे दोघांकडून आधीच कबूल करून घेतले आहे. कोणी पाहत नाही म्हणून मुभा घेणाऱ्या माणसाला गुणवत्ता तपासणीच्या नोकरीसाठी तयार करण्यात मला रस नाही.

इंटरनेट तपासताना सगळे उतरण्याचा (डाउनलोडचा) वेग पाहतात. येथे चढण्याचा (अपलोडचा) वेग महत्त्वाचा आहे. सेकंदाला दोन मेगाबिट दराने दोन मिनिटांचे उत्तर सुमारे तीस मेगाबाइटचे होते, तेवढे आमच्या जोडणीला सहज झेपते. मात्र वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो आणि राउटर बंद पडतो. राउटरची जोडणी अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरवर घेतली आणि दुसऱ्या मोबाइलचे हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून ठेवले.

मुलाने आज एक चांगली गोष्ट स्वतःहून केली. प्रश्न उमटल्यावर मिळणाऱ्या तीस सेकंदांत तो उत्तर जुळवत बसला नाही, कागदावर "साहेब काय विचारतील?" या शीर्षकाखाली दोन उपप्रश्न लिहिले आणि मग बोलायला सुरुवात केली. यंत्राविषयीच्या एका अनपेक्षित प्रश्नावरही त्याचे उत्तर भरकटले नाही.

२५ जुलै, शुक्रवार

मुलाची मुलाखत सकाळी झाली. एका उत्तराच्या वेळी रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी आली; तो न थांबता बोलत राहिला. पुनर्चित्रण नसल्याचा त्याला फायदाच झाला असे मला वाटते, कारण मागे वळून पाहायला जागाच नव्हती.

२६ जुलै, शनिवार

मुलीने दुसऱ्या चित्रणाची सोय एकदाच वापरली. आम्ही आधी नियम ठरवला होता : शब्द अडखळला, व्याकरण चुकले किंवा केस विस्कटले म्हणून पुन्हा करायचे नाही, वस्तुस्थिती चुकीची सांगितली गेली किंवा मुख्य कृती राहूनच गेली, तरच करायचे. बाहेर आल्यावर ती म्हणाली की एका प्रश्नावर मॅनेजरना फोन केल्याचे सांगायचे राहिले होते, म्हणून ते उत्तर पुन्हा दिले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते.

४ ऑगस्ट, सोमवार

मुलाला चाकणला प्रत्यक्ष भेटीसाठी बोलावले आहे. तेथे उपप्रश्न विचारणारी माणसे समोर असतील, म्हणून त्याने आता उत्तरे आखडती घेऊन समोरच्याला विचारायला जागा ठेवावी असे सांगितले. नव्वद सेकंदांची सवय लागलेला माणूस समोरासमोरही एका दमात सगळे सांगून टाकतो आणि अधिकाऱ्याच्या हाती काही उरत नाही, हा धोका खरा आहे. त्यासाठी एक स्वतंत्र बैठक घेतली.

मुलीला नकार आला. कारण दिलेले नाही; तिचे चित्रण सहा महिन्यांनंतर काढून टाकले जाईल, हे मात्र त्याच ईमेलमध्ये कळवले आहे. तिने दुसरीकडे अर्ज केला असून पॅलेटचे उत्तर ती आता कागदाशिवाय देते.

६ ऑगस्ट, बुधवार

अभ्यासिकेतील इतर मुलांनी दोघांना आलेले प्रश्न मागितले. ते देणार नाही. मुलाखत सुरू करण्यापूर्वी दोघांनीही प्रश्न बाहेर न सांगण्याची अट मान्य केली होती, आणि तसेही पुढच्या कंपनीचे प्रश्न वेगळे असतील. वहीत उपप्रश्न उतरवून ठेवले आहेत, ते कोणीही घ्यावेत : कोणत्या वस्तूचे, कशावरून ठरवले, अधिकार कोणाचा होता, तुझ्या वाटणीचे काम कोणते, नंतर टिकले का, आणि हे सांगायला तुला परवानगी आहे का.

एका सहकारी पतसंस्थेत काम करणाऱ्या मुलाला पुण्याच्या एका कंपनीची लिंक आली आहे आणि मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत आहे. शनिवारी राखीपौर्णिमा असल्याने त्याचा पहिला सराव रविवारी सकाळी साडेसात वाजता ठेवला आहे. येताना त्याने वायरचा इअरफोन आणि आपल्या कामातली एक अडचण आणायची आहे.